पहिला घास

पहिल्याच उकळीला लाकडं संपली. साबुदाण्याच्या कंदाचा पाला कुटून दोनदा उकळायचा, दोन्ही वेळचं कडू पाणी फेकायचं. नाहीतर विष चढतं.

नेहमीसारखा पहिला घास सगुणानं स्वतः खाल्ला आणि पोरांना थांबवून ती वाट बघत बसली. जरा वेळानं डोळ्यांपुढं अंधारी आली. हे विष म्हणावं, की कालपासूनची भूक? तिला काही कळेना. धाकटा भुकेनं रडून निपचित पडला होता.

"आये, काय होतंय?" थोरल्या यमीनं विचारलं.

"गरगरतंय. पोटात काही नाही, म्हणूनही असंल."

यमीनं टोप स्वतःकडं ओढला.

"मग मी खाऊन बघते. मी शाळेत खिचडी खाल्लीय. मला गरगरलं, तर ते विषच."