कोपरखळी

तोल ज्या बाजूला जाई, त्या बाजूला अप्पांच्या कमरेचा पट्टा थरथरे आणि ते सावरत. पण आठवडाभर तो डावीकडेच थरथरत होता, तेही संध्याकाळी फिरताना. पट्टा बिघडलाय आणि एक दिवस अप्पांना पाडणार, असा हेमलताला दाट संशय होता. तिने दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं.

“ताई, पट्टा ठणठणीत आहे. आजोबाच मुद्दाम झुकतात.”

“अप्पा! खुबा मोडायचाय का?”

अप्पा ओशाळले. “तुझी आई डावीकडून चालायची. माझं लक्ष नसलं की कमरेत कोपरखळी मारायची. अगदी अश्शीच.”

संध्याकाळी हेमलता त्यांच्याबरोबर निघाली. उजव्या बाजूला आली, त्यांचा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, “हं, झुका आता.”