मुंबईचे पाहुणे

“कोट काखेत लई आवळतोय, वहिनी,” ज्योतीराम कुजबुजला.

“मग श्वास धरून चाला. आन् मामांसमोर वहिनी म्हणू नका. मुंबईची माणसं ‘बाई’ म्हणतात,” इंद्रायणी म्हणाली.

ज्योतीराम चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. आज तो मुंबईचा साहेब होता. बरोबरचे दोघेही त्याच कारखान्यातले, इंद्रायणीच्या नवऱ्याच्या पाळीतले. दर रविवारी तिघं मोशीच्या माळावर यायचे, आणि तिचे सासरे दौलतराव त्यांना काळवीट दाखवायला घेऊन जायचे.

दौलतरावांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. पण वारा कुठून येतोय, टिटवी कुठं ओरडतेय, एवढ्यावर ते कळपाची जागा सांगायचे. मुंबई-पुण्याच्या मोटारी त्यासाठीच यायच्या. माळ फिरून झाला की पाहुणे अंगणात पिठलं-भाकरी खायचे. त्यावर हे घर चालायचं, बसनं येणाऱ्यांना रस्त्यापासून आणणाऱ्या टांगेवाल्याचं चालायचं, बोरं विकणाऱ्या छबूबाईचंही चालायचं.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. आधी मुंबई खोकायला लागली, मग पुणं. साथ ओसरली तरी माणसं बिचकूनच होती. दिवाळी झाली, थंडी पडली, पण एकही मोटार आत वळली नाही. टांगेवाला विटा वाहायला गेला. इंद्रायणीचा नवरा सयाजी कारखान्यात लागला.

साथीनं गावातलीही माणसं नेली. त्यात इंद्रायणीचं तान्हं मूल होतं. त्यावर घरात कोणी बोलत नसे. ती अन्नाला न शिवता भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि भाकऱ्या सयाजी थापायचा, जाडजूड, कडेला करपलेल्या.

मग एके दिवशी दौलतरावांनी ताट सरकवलं.

“पाव्हणं न्हाईत, काम न्हाई. ह्या म्हाताऱ्याला कशापायी पोसताय?”

दुसऱ्या दिवशीही तेच. सयाजीनं हातापाया पडून पाहिलं. म्हातारा पाण्यापलीकडे काही घेईना. तेव्हा इंद्रायणी अंथरुणावरून उठली.

“तुमच्या कारखान्यातली माणसं आणा,” ती नवऱ्याला म्हणाली. “मुंबईची म्हणून.”

“आबांना फसवायचं?”

“मग उपाशी मरू द्यायचं?”

तेव्हापासून हे चाललं होतं. कोट सयाजीनं साहेबाच्या ड्रायव्हरकडून मागून आणला होता. कसं बोलायचं ते इंद्रायणी शिकवायची, जरी तिनंही मुंबई पाहिली नव्हती.

काठी टेकत दौलतराव बाहेर आले. फेटा नीट बांधलेला होता.

“राम राम. कुठनं आलात म्हनायचं?”

“गिरगाव,” ज्योतीराम म्हणाला.

“आस्सं! समुद्र जवळच की मग. कसा हाय यंदा?”

ज्योतीराम लातूरकडचा. समुद्र त्यानं चित्रातच पाहिला होता. त्यानं इंद्रायणीकडे बघितलं, मग आभाळाकडे.

“भरलाय की,” तो म्हणाला. “काठोकाठ.”

इंद्रायणीनं पदराचा बोळा तोंडात धरला. तरी हसू फुटलंच. दौलतरावांनी मान जराशी तिच्या बाजूला वळवली.

“म्हंजी पाऊस बरा झाला म्हनायचा तिकडं,” ते शांतपणे म्हणाले आणि माळाच्या वाटेला लागले.

ती चुलीशी बसली. पहिल्या रविवारी तिनं नुसतं पिठलं केलं होतं. आता ती वांगी भाजायची, मिरचीचा ठेचा करायची, हात भरून पीठ मळायची. खाणावळीचं खाऊन विटलेले ते तिघं जेवायला बसले की भाकरी पुरायची नाही.

पाहुणे यायला लागले तसे दौलतराव रोज ताटावर बसू लागले. त्यातही त्यांनी एक हट्ट काढला होता.

“एकट्याला घास उतरत न्हाई. तू समोर बस. ताट घिऊन.”

“सासऱ्यासमोर कशी जेवू, मामा?”

“मला कुठं दिसतंय?”

मग ती पदर ओढून, अंग चोरून बसायची. म्हातारा एक घास खायचा आणि थांबायचा.

“तुझा घास वाजला न्हाई,” म्हणायचा.

त्यानं जेवावं म्हणून ती आपला घास तोंडात घालायची. मगच त्याचा हात पुन्हा ताटाकडे जायचा. म्हातारपण म्हणजे दुसरं बाळपणच, असं तिच्या मनात यायचं, आणि ती घाईनं दुसरा घास घ्यायची.

माघात एका रविवारी, ज्योतीराम कोटात हात घालत असतानाच, रस्त्याकडून भोंगा ऐकू आला. धुळीचा लोट उठवत करड्या रंगाची मोटार अंगणापुढे थांबली. गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ उतरले. पाठोपाठ त्यांची बायको.

“काळवीट दाखवणारे दौलतराव इथेच राहतात ना? मुंबईहून आलो आम्ही.”

छबूबाई बोरांची पाटी घेऊन धावलीच. इंद्रायणी घरात पळाली.

“मामा, पाव्हणं आलं! मोटार घिऊन आलं!” ती ओरडली. बाहेर येऊन ती हळूच त्या तिघांना म्हणाली, “सुटलात बघा भाऊ. लय केलंत आमच्यासाठी. आता जेवूनच जा.” आणि चूल फुंकायला वळली.

दौलतराव काठी टेकत मोटारीकडे निघाले. कुंपणाशी ते तिघं अवघडून उभे होते. तिथं येऊन म्हातारा थांबला.

“ज्योतीराम,” त्यांनी हलकेच हाक मारली.

“जी, आबा,” ज्योतीराम बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

“फुडल्या रविवारी बी यायचं. त्येच्या फुडल्या बी.”

ज्योतीराम गोंधळला. “पण आबा, आता तर खरे पाव्हणे यायलेत. तुमचं जेवण काही अडायचं नाही.”

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. म्हाताऱ्यानं तिकडं कान दिला.

“माझं कदी अडलं हुतं, लेका? पोर आत्ता कुठं दोन घास खायला लागलीय.”