चूक तुमच्याकडे आहे

‘तुमची ओळख पटू शकली नाही,’ असं पडद्यावर पाचव्यांदा आलं आणि त्याने पाचव्यांदा चष्मा पुसला.

सोमवारची सकाळ. घरच्या कॉम्प्युटरवरून कंपनीच्या व्हीपीएनमध्ये शिरायचं, एवढंच काम. शिरलं की कंपनीच्या फायली उघडतात. नाहीतर माणूस दाराबाहेर. राउटर चारदा बंद करून चालू केला होता. पासवर्ड एकेक अक्षर पुटपुटत भरून झाला होता. वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका लिहिण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती. ‘यंत्र सुरू होत नसल्यास प्रथम प्लग तपासावा’ हे वाक्य त्याचंच. तेव्हा वाक्याला जागून त्याने प्लगही तपासला.

“हेल्पडेस्कला फोन करा ना,” बायको इस्त्री करता करता म्हणाली.

“करतो.”

“अर्धा तास झाला, करताय.”

त्याला फोन करायचा नव्हता. त्यांच्या कंपनीत नोकरी गेल्याचं कोणी तोंडावर सांगत नसे. रीतच होती तशी. सोमवारी सकाळी व्हीपीएन लागत नसे आणि दुपारी पत्र येई. कंपनी माणुसकीची, त्यामुळे जेवणाआधी पाठवत नसे. गेल्या महिन्यात दोघे असेच गेले. त्यातल्या एकाने तर बिचाऱ्याने धावतपळत जाऊन नवा राउटर आणला होता.

बायकोलाही हे ठाऊक होतं. तिने इस्त्री उभी केली, मोबाइल उचलला, नंबर लावला आणि त्याच्या कानाला धरला.

“बोला. काय असेल ते एकदाचं कळू दे.”

पलीकडे एक मुलगी होती. तिने एम्प्लॉयी नंबर विचारला, त्याने सांगितला. कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग टकटक थांबली. बायकोने इस्त्रीचं बटण बंद केलं.

“नाव दिसतंय सर तुमचं.”

“दिसतंय?”

“हो. खातं चालू आहे. आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे. चूक तुमच्याकडे आहे.”

तो ताडकन उभा राहिला. “पुन्हा सांगा.”

“सर, प्लीज चिडू नका, पण…”

“चिडत नाही हो ताई. स्पीकरवर टाकतो, जरा मोठ्याने सांगा.”

“चूक… तुमच्याकडे आहे, सर.”

बायको मटकन खुर्चीत बसली. “मी तर हे लग्नापासून सांगतेय,” ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

हेल्पडेस्कच्या मुलीला अशा घरांची सवय नसावी. ती घाईघाईने पुढच्या प्रश्नावर गेली. “सर, तुमच्या कॉम्प्युटरवर किती वाजलेत, बघून सांगता?”

“दहा पस्तीस.”

“आत्ता दहा वीस झालेत, सर. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की सर्व्हर आत घेत नाही. घड्याळ कोणी बदललंय का?”

दोघांनी एकदम कोपऱ्यातल्या आरामखुर्चीकडे पाहिलं. तिथे बाबा पेपर वाचत होते. बत्तीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर होते ते, आणि निवृत्त झाल्यापासून घरातली यच्चयावत घड्याळं पंधरा मिनिटं पुढे ठेवणं हाच त्यांचा कारखाना.

“काल मीच केलं,” पेपर खाली न घेता ते म्हणाले. “घरातली पाच घड्याळं एक वेळ सांगतात आणि हे एकटंच मागे. शिस्त नको?”

एरवी एवढ्यावरून दोन दिवस अबोला झाला असता. तो गेला आणि बाबांचा हात हातात घेऊन घट्ट दाबला.

“बाबा, फार छान केलंत.”

आता मात्र बाबांनी पेपर खाली घेतला. “याला बरं नाही का गं?” त्यांनी सुनेला विचारलं.

घड्याळ मागे आलं. हिरवी खूण उजळली. फायली उघडल्या, आणि त्यांच्या मागोमाग साहेबांची मेल आली. ‘ड्रायरची पुस्तिका शुक्रवारीच हवी होती. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आज संध्याकाळपर्यंत न मिळाल्यास मला तुमच्याशी वेगळ्या शब्दांत बोलावं लागेल.’ त्याने ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. काही वाक्यं दोनदा.

“संध्याकाळपर्यंत म्हणतायत,” बायको डोळे पुसत म्हणाली. “म्हणजे संध्याकाळपर्यंत आहात.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुस्तिकांची चित्रं काढणारी, दोन महिन्यांपूर्वीच कंपनीत लागलेली. तिथली रीतभात तिला अजून कोणी सांगितली नव्हती.

“सर, सॉरी हं, त्रास देतेय. माझं व्हीपीएन सकाळपासून लागतच नाहीये. तुमचं लागलं?”

“आत्ताच लागलं!” त्याच्या आवाजातला आनंद अजून ओसरला नव्हता. “अगं, एकदम सोपं आहे. तुझ्या कॉम्प्युटरवर किती वाजलेत, सांग बघू.”

“दहा एकतीस.”

त्याने आपल्या पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. दहा एकतीस.

“सर? ऐकू येतंय ना? बरोबर आहे का?”

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

“वाचले बाई!” ती म्हणाली. “मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय.”