बारावा चातुर्मास

ओसरीवर मनकर्णाबाईंनी पत्रावळीवरचा गाईचा घास बाजूला काढला आणि तोंड मिटलं. शेजारच्या पाटावर दहा वर्षांच्या रुख्मिणीनंही घास काढला. तेवढाच, आणि त्याच बाजूला.

चातुर्मासातलं मौनाचं जेवण होतं, दिवसातून एकदाच. पानावर बसल्यापासून उठेपर्यंत शब्द नाही, हुंकार नाही, मानेची खूणही नाही. एक शब्द गेला तरी अर्ध्या पानावरून उठायचं आणि व्रत मोडलं म्हणायचं. मनकर्णाबाईंचा हा बारावा चातुर्मास. आज कार्तिकातली दशमी, उद्या एकादशीचा उपास, मग उद्यापन. हे एक जेवण तेवढं राहिलं होतं. महादेवाला वाहायची घंटा देवघरात लाल कापडात ठेवलेली होती. आधी वाजू नये म्हणून तिच्या लोलकाला सूत गुंडाळलं होतं.

रुख्मिणीचा हा पहिलाच. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. आषाढीला ती आपणहून मोठीमायशेजारी, आपल्या या थोरल्या काकूशेजारी, पाट टाकून बसली आणि चार महिने चुकली नाही. वाढताना तिची आई, गोजराबाई, म्हणायची, "हिले मोठीमाय व्हाची घाई झाली. केस तं पिकू दे, बाई." रुख्मिणी उत्तर देत नसे. उत्तर न देता राहता आल्याचाच तिला आनंद वाटे.

फाटकाशी रुख्मिणीच्या वडिलांचा, दौलतरावांचा, आवाज चढला. "थांब. पदराखाली काय हाय?"

त्यांनी गावाबाहेर उतरलेल्या तांड्यावरच्या कमलीबाईला अंगणात आणलं. तिच्या हातात पितळी गडू होता, राखेनं घासून लख्ख केलेला.

"हा आपल्या घरचा गडू," दौलतराव बायकोला म्हणाले. "हिच्याजोळ कसा?"

"मले काय मालूम?"

"वापस कराले आली, मालक," कमलीबाई म्हणाली. "सून बाळंतीण झाली माही. बाईनं तूप घालून देल्ला."

"कोण्या बाईनं?"

कमलीबाईनं ओसरीकडं बोट केलं. मनकर्णाबाईंचा हात वरणभातात होता. तो तिथंच थांबला.

"वा," दौलतराव म्हणाले. "वैनी या वक्ताले बोलत नाही, हे साऱ्या आसेगावाले मालूम हाय. म्हणून त्यायचंच नाव घेतलं."

"त्यायचं जेवण तं होऊ द्या," गोजराबाई म्हणाली. "मंग इचारा."

"तवर हे तांड्यात जाते, अन् तांडा उद्या उठते. जगदेव, दोर आण. मंगरुळाहून शिपाई येतील, ते पाहून घेतील." मग त्यांची नजर मुलीवर गेली. "रुखमे, तू तं सदा मोठीमायच्या मांगंच असते. तुनं पाह्यलं का काही?"

रुख्मिणीच्या तोंडात घास होता. मोठीमाय आता काय करते ते पाहायला ती तिच्याकडं वळली. मोठीमाय आपल्या पानाकडं पाहत होती. रुख्मिणीनंही मान खाली घातली.

गडी जगदेवनं गोठ्यातला दोर आणला. कमलीबाईनं गडू खाली ठेवला आणि कुणी न सांगता दोन्ही हात पुढं केले.

"सोडा तिले, भाऊजी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "म्या देल्ला."

आवाज मोठा नव्हता. चार महिन्यांत त्या ओसरीवर, त्या पाटावरून, पहिल्यांदा तो आला.

गोजराबाईनं पळी भांड्यात सोडून दिली. "बाई, चार घास राह्यले होते."

मनकर्णाबाईंनी पानाला हात जोडले आणि उठल्या. अंगणात जाऊन त्यांनी गडू उचलला.

"पोरगं दूध वढते का?"

"वढते, बाई." कमलीबाईनं ओसरीवरच्या अर्ध्या पानाकडं पाहिलं. "बारा सालाचं तुमचं..."

"सुनेले थंडं पाणी देऊ नको," मनकर्णाबाई म्हणाल्या. "शेकोटी पेटवून शेक द्या तिले."

दौलतराव दोराचा वेढा हातात घेऊन उभे होते. तो कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. जगदेव गोठ्याकडं निघून गेला होता.

गोजराबाईनं डोळे पुसले आणि मुलीच्या पानावर थोडं वरण वाढलं. "तू जेव, माय. तुह्यं तरी नाही मोडलं. परवा घंटा तुह्याच हातानं वाहू."

रुख्मिणीनं पानाकडं पाहिलं. गाईचा घास होता तिथंच होता. तिनं तोंडातला घास गिळला.

"बाबा," ती म्हणाली, "तूप वतताना बरणी म्याच धरली होती."

मग तिनं मोठीमायसारखेच पानाला हात जोडले आणि पाटावरून उठली.

मनकर्णाबाई रांजणाजवळ उभ्या होत्या. रुख्मिणीनं दोन्ही हात पुढं केले. त्यांनी तोच गडू रांजणात बुडवला आणि तिच्या हातांवर सावकाश पाणी घातलं.