डावखुऱ्याची बदली

"त्या डावखुऱ्या पिचरला आधी विका!" चौबळ टीव्हीवर खेकसला. त्याची लाडकी बेसबॉल टीम पुन्हा हरत होती आणि न्यू जर्सीतल्या त्याच्या तळघरात मराठी मंडळाचे चार सभासद साबुदाणावडे खात शोक पाळत होते.

"अरे, चेंडू धड टाकणारा तोच एक आहे," जोगळेकर म्हणाला.

"म्हणून तर त्याला गिऱ्हाईक मिळेल. बाकीचे फुकट दिले तरी कोण घेईल?"

मुद्दा बिनतोड होता. पण चौबळचं खरं कारण वेगळं होतं. बेसबॉलला 'श्रीमंतांचा विटीदांडू' म्हणणारी त्याची बायको हल्ली सामना बघायची, पण तो पिचर मैदानात असेपर्यंतच. इतक्या कौतुकाने तिने चौबळकडे साखरपुड्यातही पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात क्लबने पिचर खरोखरच दुसऱ्या टीमला देऊन टाकला. चौबळने पेढे आणले.

"बदल्यात काय मिळालं?" बायकोने विचारलं.

"दोन नवखी पोरं. आज तसं दिसत नाही, पण पुढे चमकतील म्हणतात."

"तुझ्याबद्दल माझ्या बाबांनाही हेच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि तिने पिचरच्या नव्या टीमचा सामना लावला.