पायरीपर्यंतचा रस्ता

समोरचा रस्ता अरुंद म्हणून ताराबाईंचा घर बांधायचा अर्ज पुन्हा नामंजूर झाला, तेव्हा भांडून त्यांनी परवानगी देणाऱ्या साहेबांना गल्लीतच मोजायला आणलं. टेपचं टोक शिपायाने त्यांच्या कुंपणाशी धरलं आणि त्या टेप ओढत निघाल्या. समोरच्या माजी सरपंचांच्या बंगल्याच्या पायऱ्या गल्लीत उतरल्या होत्या. टेप तिथे पोचताच साहेब म्हणाले, "बस अम्मा, यहीं तक." सावली बघून ते त्यातल्याच एका पायरीवर टेकले. बंगल्यातून आलेला चहा बशीत ओतत म्हणाले, "रोड छोटा है. परमिशन कैसे देंगे?" ताराबाई थांबल्या नाहीत. पायऱ्या चढून त्यांनी साहेबांच्या डोक्यावरून टेप थेट भिंतीला टेकवली. "इथवर मोजा! इथून कापसाच्या दोन बैलगाड्या सोबत जात होत्या!" बशी साहेबांच्या हातातच राहिली. "उठा साहेब. तुमी जिथं बसून चहा पिऊन राह्यले ना, तो रस्ता हाय!"