मधली पुटपुट

नचिकेतने आईचा आवाज आणखी एका जागी पुसला.

लॅपटॉप जुना होता, सदर बाजारातून कुणाचा तरी वापरलेला घेतलेला. सॉफ्टवेअर फुकटचं. इयरफोनचा एकच कान चालायचा. टेपरेकॉर्डरला वायर जोडली, की कॅसेटमधलं गाणं पडद्यावर लाटांसारखं उमटे. वडिलांचा, अण्णांचा, आवाज म्हणजे मोठी लाट. दोन ओळींच्या मध्ये बारीक थरथर दिसे, ती आईची पुटपुट. तेवढा भाग निवडायचा, आवाज शून्यावर आणायचा. गाणं नसेल तेवढं सगळं तो न ऐकता, नुसतं बघून पुसत चालला होता. बटण दाबताना त्याला बरं वाटत होतं.

अण्णा जाऊन वर्ष होत आलं होतं. लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या महालक्ष्मीच्या देवळात ते आपल्या नावाची पदं गात, आणि झाशीतली मराठी घरं ऐकायला जमत. आई मात्र कधी गेली नाही. पदांचा विषय निघाला की ती उठून आत जाई. तिला अण्णांचं कौतुक बघवत नाही, हे नचिकेतने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. वर्षश्राद्धानंतर देवळात हे रेकॉर्डिंग लागणार होतं. त्यालाही तिने नको म्हटलं. तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलत.

शेवटचा तुकडा पुसून त्याने तिला हाक मारली आणि गाणं लावलं. अण्णांचा आवाज खोलीत भरला, स्वच्छ, एकटा.

संतापला की नचिकेत हिंदीत बोलायचा. "सुन लो. अब बीच में कोई नहीं बोलता."

आईने पद उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकलं. मग पुसलेलं परत लावता येतं का, असं विचारलं. त्याने मूळ रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज पूर्ण वाढवला. तिची लुडबुड एकदा तिलाच ऐकू दे, म्हणून.

आधी आई गायली. हळू, पण सुरात, एकच ओळ. तीच ओळ मग अण्णांनी म्हटली. पुन्हा आई, पुन्हा अण्णा. पुढच्या कडव्याला अण्णा अडले.

"इथे काय लिहिलंयस गं?" त्यांनी विचारलं.

आईने ओळ सांगितली. कुठला शब्द कुठे लांबवायचा, तेही सांगितलं. अण्णांनी दोनदा चुकत, तिच्या मागोमाग, तो तसा लांबवला.

नचिकेतने गाणं थांबवलं. त्याला आईकडे बघवेना. हे कधी सांगितलं का नाहीस, एवढंच तो कसंबसं म्हणाला.

"कुणाला कळू नये, म्हणून ह्यांनी मला देवळात कधी येऊ दिलं नाही," आई म्हणाली. "घरच्या या कॅसेटवर तेवढी मी उरले होते. आज तिथूनही तू मला हाकललंस."